ऑपरेशन पुण्यात, उलट्या तालुक्याला: वजनाच्या शस्त्रक्रियेआधीची आणि नंतरची काळजी

गोदाकाठ | ८ जून, रात्री १०:१२

माझ्या मोठ्या बहिणीच्या बायपासला परवा दीड वर्ष झालं. वजन कमी करण्यासाठी पोटाचा करतात तो बायपास. ताई नांदेड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते, मी पुण्यात. ऑपरेशन पुण्यात झालं आणि उत्तम झालं, त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. मला लिहायचंय ते आधीच्या दोन महिन्यांबद्दल आणि नंतरच्या दीड वर्षाबद्दल. शहरातलं ऑपरेशन काही तासांत उरकतं. मग ते बदललेलं पोट घेऊन माणूस आपल्या गावी जातो आणि तिथे त्या पोटाची माहिती कुणालाच नसते.

ताई ४१ वर्षांची, उंची १५५ सेंमी, वजन तेव्हा ११८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा) ४९. सात वर्षांची शुगर, झोपेत श्वास अडकायचा, गुडघे गेलेले. आधीच्या तपासण्यांची यादी लांबलचक होती: एंडोस्कोपी, सोनोग्राफी, झोपेची तपासणी, भूलतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ. पुण्यात राहणारा माणूस त्या महिनाभरात सवडीने करतो. ताईच्या सगळ्या दोन दिवसांत कोंबल्या, कारण दाजींना दुकान बंद ठेवून यावं लागत होतं. मानसोपचारतज्ज्ञांसमोर ती जेमतेम पंधरा मिनिटं बसली असेल, तीही रात्रभर ट्रॅव्हल्सचा प्रवास करून आल्यावर. आहारतज्ज्ञांनी छापील तक्ता दिला. त्यात ग्रीक योगर्ट, ब्रोकोलीचं सूप, टोफू. रिक्षात बसल्यावर ताईने हळूच विचारलं, "टोफू म्हंजे काय गं?" तो प्रश्न आत विचारायची तिला लाज वाटली होती.

ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. पोट लहान केलंय म्हटल्यावर उलट्या व्हायच्याच, असं तिच्या सासूबाई म्हणाल्या, शेजारीण म्हणाली, आणि फोनवर मीही तेच म्हणाले. दहा दिवस गेले. जीवनसत्त्वांच्या गोळ्याही उलटून पडत होत्या. अकराव्या दिवशी दाजींनी गावातल्या दवाखान्यात नेलं. नेहमीप्रमाणे सलाईन लावलं, ग्लुकोजच्या दोन बाटल्या. संध्याकाळी तिला जरा तरतरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन: "मला एकाचे दोन दिसायलेत. न्हाणीत जाताना भिंत धरून चालायलेय."

मी पुण्याच्या रुग्णालयातल्या समन्वयक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सोमवारी ओपीडीला घेऊन या. तो गुरुवार होता आणि मध्ये साडेचारशे किलोमीटर.

दाजींनी तिला नांदेडला नेलं. तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ती दारातून आत येतानाची चाल पाहिली, बोट डावीकडे-उजवीकडे फिरवून डोळे फिरवायला सांगितले आणि पहिलाच प्रश्न केला, "उलट्या किती दिवस होत्या? वजनाचं ऑपरेशन झालंय का?" लगेच शिरेतून बी१, म्हणजे थायमिन, सुरू केलं. डोळे दोन दिवसांत जागेवर आले. चाल यायला चार महिने लागले. तळव्यांना मुंग्या आजही आहेत.

शरीरातला थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो आणि ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतंच, हे मला नंतर कळलं. उरलंसुरलं होतं ते त्या दोन बाटल्यांनी संपवलं. त्या गावच्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांच्यासाठी पुण्याहून एक ओळही लिहून आलेली नव्हती.

तुमच्या भागात काय होतं? घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर आधी काय काय विचारलं गेलं आणि नंतर कुणी सांभाळलं, ते कृपया लिहा.

सीमोल्लंघन | ८ जून, रात्री ११:०५

वाचून सुन्न झालो. ताईंना लवकर आराम पडो.

तालुक्याचा डॉक्टर | ९ जून, सकाळी ७:२०

मी बीड जिल्ह्यात १९ वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करतोय. गोदाकाठ, तुम्ही राग नाही म्हणालात हा तुमचा मोठेपणा, पण आमची बाजू मांडतो आणि आमची चूकही.

आमच्याकडे असा रुग्ण येतो तेव्हा "पोटाचं ऑपरेशन झालंय" एवढंच सांगतो. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजी चार अक्षरं असतात आणि खाली "एक महिन्याने दाखवा". आतडं कुठून कुठे जोडलंय, कुठली औषधं चालणार नाहीत, काहीच नसतं. काही वर्षांपूर्वी अशाच एका बाईंना मी कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. रोज शंभर जणांना देतो तशाच. आठव्या दिवशी त्या काळी शी होतेय म्हणून आल्या. हिमोग्लोबिन ६. बायपासनंतर जिथे जोड असतो तिथे या वेदनाशामक गोळ्यांनी अल्सर होतो आणि त्यातून आतल्या आत रक्त जातं. मला ते माहीत असायला हवं होतं. त्या वाचल्या, पण त्यांचा पांढराफटक चेहरा मी विसरलेलो नाही.

आणखी एक गोष्ट फार घडते. ऑपरेशननंतर शुगर काही दिवसांतच खाली येते, वजन उतरायच्याही आधी. रुग्ण गावी येतो आणि जुन्या चिठ्ठीवरची ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी चालूच ठेवतो. मग पहाटे घामाघूम होऊन बेशुद्ध. बीपीच्या गोळ्यांचंही तेच. या गोळ्या कुणी, कधी, किती कमी करायच्या हे ऑपरेशन करणाऱ्याने लिहून द्यायला हवं.

ग्लुकोजबद्दल एक खुलासा करतो, नाहीतर लोक घाबरून भलतंच करतील. शुगर खाली गेली असेल तर ग्लुकोज थांबवायचं नसतं, त्याने जीव वाचतो. पण उलट्या चालू असलेल्या अशा रुग्णाला ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत थायमिन द्यायचं. इंजेक्शन स्वस्त आहे. अडचण ते आठवण्याची आहे.

हुलग्याचं माडगं | ९ जून, दुपारी १:४८

मी आहारतज्ज्ञ आहे, सोलापुरात. टोफूचं वाचून वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. आमच्या शिक्षणातले तक्तेच तसे असतात.

ऑपरेशननंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं आणि एका वेळी जागा असते अर्ध्या वाटीची. एका अंड्यात ६ ग्रॅम. साध्या वरणाच्या वाटीत ५ ते ७. शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. त्यामुळे आधी प्रोटीनचा घास, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. आपल्याकडे ताटाचा क्रम बरोबर उलटा. भाकरी मुख्य, कालवण लावण्यापुरतं. हा क्रम बदलायचा तर सासूबाईंना आणि नवऱ्यालाही समोर बसवून समजवावं लागतं. नुसतं रुग्णाला सांगून भागत नाही, कारण बहुतेक घरांत ताट दुसरंच कुणीतरी वाढतं.

ज्वारीची भाकरी सुरुवातीला अडकते. सहा-आठ आठवडे तिला हात लावू नये. नंतरही वरणात चुरून, मऊ करून. त्याऐवजी मुगाचं कढण, ताकातलं माडगं, फुटाण्याच्या डाळीचं पीठ ताकात कालवून. हे सगळं आपल्याच चुलीवरचं आहे, फक्त तक्त्यात येत नाही.

माळकरी घरांसाठी खास: अंडी, मासे नाहीत आणि महिन्याला दोन एकादश्या. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्य आणि तो चिकट गोळा लहानशा पोटात जड जातो. मी कुणालाही एकादशी सोडा म्हणत नाही. त्या दिवशी दूध, दही, राजगिऱ्याची पातळ खीर, पनीर चालत असेल तर पनीर, आणि दर थोड्या वेळाने पाण्याचे घोट. पहिले तीन महिने मात्र निर्जळी अजिबात नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ऑपरेशनआधी विचारतात, "सिगारेट ओढता का?" बाई नाही म्हणते आणि ते खरंच असतं. पण मिश्री? ती कुणी विचारत नाही. आमच्याकडच्या कितीतरी बायका दिवसातून तीन-चारदा मिश्री लावतात आणि तिला तंबाखू मानतच नाहीत, दात घासणं मानतात. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, ऑपरेशनआधी काही आठवडे ती पूर्ण बंद हवी. मी बाईला एकटीला बसवून "डबी कुठेय?" असं विचारते. मग बरोबर कनवटीची डबी बाहेर येते.

गोदाकाठ | ९ जून, दुपारी २:३०

मिश्री! ताई लावायची. कुणीच विचारलं नव्हतं आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत लावत होती.

सरळमार्गी | ९ जून, सायंकाळी ६:१५

कुणाला दुखवायचं नाही. पण एवढे धोके आहेत तर खाणं कमी करून, रोज चालून वजन उतरवणं बरं नाही का? आमच्या आईने चाळीशीत १२ किलो कमी केलं होतं.

गोदाकाठ | ९ जून, रात्री ८:४०

तुमच्या आईंचं खरंच कौतुक. ताईने दहा वर्षांत तीनदा १०-१२ किलो उतरवले आणि दर वेळी ते वाढून परत आले. रात्री श्वास अडकून ती दचकून उठायची तेव्हा तिचा लहान मुलगा जागा राहून बघत बसायचा. गुडघ्यांमुळे दोन जिने चढता येत नव्हते तर रोज चालणार कशी? ऑपरेशन केलं याचा आम्हाला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. आज तिचं वजन ७६ आहे, इन्सुलिन बंद आहे, मुलगा रात्री झोपतो. म्हणूनच मी भांडतेय की इतकं चांगलं काम गावात गेल्यावर असं वाया जाऊ नये.

तालुक्याचा डॉक्टर | ९ जून, रात्री ९:१०

पूर्ण अनुमोदन. एवढ्या वजनाला नुसत्या निग्रहाने उतरलेलं वजन टिकणं फार अवघड, कारण शरीर भुकेची संप्रेरकं वाढवून ते परत मागतं. ऑपरेशनने ती भूकच बदलते. त्यात रुग्णाचा दोष काढू नये.

मुडदुशे | १० जून, सकाळी १०:०२

आम्ही सावंतवाडीचे. आमच्याकडचे लोक मोठ्या उपचारांसाठी गोव्याला जातात नाहीतर कोल्हापूरला. माझ्या दिराची स्लीव्ह गोव्यात झाली, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून नळीसारखा ठेवतात ती. गोवा दीड-दोन तासांवर, त्यामुळे पहिलं वर्षभर एकही तपासणी चुकली नाही. नांदेडच्या ताईंचं वाचलं आणि अंतर किती महत्त्वाचं असतं ते कळलं.

तिथल्या आहारतज्ज्ञ स्वतः मासे खाणाऱ्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "घरात काय शिजतं?" आणि तक्ता त्यावरून बनवला. सुरुवातीला पेजेची निवळ, मग वरणाचं पाणी, चौथ्या आठवड्यात वाफवलेले मुडदुशे, काटे काढून, बोटांनी कुस्करून. आमच्याकडे आजाऱ्याला मुडदुशेच देतात, तर सासूबाईंना एकदम पटलं. त्यांनी स्वतः तीन महिने करून घातलं.

बिघडलं ते नंतर. दीर दारू घेतो. ऑपरेशननंतर दारू फार लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो, हे एका वाक्यात सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी त्याला त्याचाच त्रास झाला. तेव्हा तपासण्या वर्षातून एकदा झाल्या होत्या आणि मनाचं विचारणारं कुणी नव्हतं.

यॉर्कशायरवासी | १० जून, दुपारी ४:३३

मी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहतो, मूळ साताऱ्याचा. आपल्याकडेच असं असतं असं वाटू नये म्हणून लिहितो.

इथे सरकारी आरोग्यसेवेत शस्त्रक्रिया फुकट होते, पण तिथपर्यंत पोहोचणं तुमच्या पत्त्यावर अवलंबून. शस्त्रक्रियेआधी वजनासाठीच्या तज्ज्ञ सेवेत जावं लागतं. ती सेवा काही भागांत आहे, काही भागांत नाही, काही ठिकाणी रांग इतकी लांब की नवीन नावं घेणंच थांबवलेलं. इथले लोक याला पोस्टकोडची लॉटरीच म्हणतात. वेल्समध्ये कितीतरी वर्षं सगळ्यांनी स्वान्सीलाच जायचं, असं होतं.

नंतरच्या काळजीचा नियम मात्र लिखित आहे. नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राने किमान दोन वर्षं रुग्णाला सांभाळायचं, त्यानंतर जीपीने म्हणजे घरच्या डॉक्टरांनी वर्षातून एकदा तपासायचं, आयुष्यभर. आणि इथल्या स्थूलता शल्यविशारदांच्या संघटनेने जीपींसाठी वेगळं मार्गदर्शन काढलंय: कोणत्या रक्त तपासण्या, कधी, कुठली लक्षणं दिसली की तातडीने पाठवायचं. गोदाकाठ, तुमच्या ताईंच्या दवाखान्यात नेमका हाच कागद नव्हता.

तरीही माणसं सुटतात. रांगेला कंटाळून लोक तुर्कस्तानात जाऊन आठवड्यात ऑपरेशन करून येतात. मग उलट्या होतात ब्रॅडफर्डला आणि सर्जन इस्तंबूलला. तुमचं पुणे-नांदेड वाचताना मला तेच आठवलं.

आणखी एक, आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं. आपल्याला कमी वजनातच मधुमेह, हृदयविकार होतात, म्हणून इथे दक्षिण आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी बीएमआयची मर्यादा २.५ ने कमी धरतात. इथल्या मराठी मंडळींनी जीपीला हे आवर्जून सांगावं, त्यांच्या लक्षात असेलच असं नाही.

पॉलिसीवाचक | १० जून, रात्री ९:५५

मी आरोग्य विम्याचे दावे बघतो. यॉर्कशायरवासी यांच्या शेवटच्या मुद्द्यावरून लिहितो, कारण आपल्याकडे इथेच गोम आहे.

भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्या लोकांसाठी ठरवलेली मर्यादा: बीएमआय ३७.५, आणि मधुमेहासारखा आजार असेल तर ३२.५. विमा नियामकाची प्रमाणित अट मात्र: ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, म्हणजे हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार, किंवा उपचारांनी आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह. वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला, आणि आधीचे सौम्य उपाय फसलेले.

ताईंच्या उंचीवर मांडून बघा. १५५ सेंमीच्या बाईला शुगर असेल तर त्या मर्यादेनुसार डॉक्टर ७८ किलोपासून ऑपरेशनचा विचार करतील. विमा ८४ किलोपासून पुढे, तेही आजाराची कागदपत्रं असतील तर. मधल्या सहा किलोंत बाई लटकते. पुण्या-मुंबईत लोक खिशातून भरतात, गावात जमीन विकायची गोष्ट निघते.

म्हणून कागद जपा. आहाराचे, व्यायामाचे, गोळ्यांचे जुने प्रयत्न कुठेतरी डॉक्टरांच्या लिखाणात हवेत. गावातले डॉक्टर तोंडी सांगतात, चिठ्ठी देत नाहीत, आणि दाव्याच्या वेळी "आधी प्रयत्न केल्याचा पुरावा" मागितला की काहीच नसतं. दर भेटीला वजन आणि तारीख लिहून घ्या. दुसरं, पॉलिसीत यासाठी प्रतीक्षाकाळ किती ते आधी वाचा. आणि नंतरच्या आयुष्यभराच्या गोळ्या, दरवर्षीच्या रक्त तपासण्या यांचा खर्च बहुतेक पॉलिसींत मिळत नाही. तो हिशेबात धरूनच निर्णय घ्या.

पूर्व विदर्भ | ११ जून, सकाळी ८:१८

गडचिरोली जिल्हा. बायकोची बायपास नागपूरला झाली, तीन वर्षं झाली. बी१२, डी जीवनसत्त्व, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) यांपैकी एकही तपासणी आमच्या गावी होत नाही. सॅम्पल घेतात, बर्फाच्या डब्यातून नागपूरला जातं, रिपोर्ट मोबाईलवर येतो. तो वाचणार कोण? पहिल्या वर्षी आम्ही तीनदा गेलो. दुसऱ्या वर्षी एकदा. तिसऱ्या वर्षी धान कापणी, मग पोरीचं लग्न, राहून गेलं. आता दम लागतो म्हणून दाखवलं तर हिमोग्लोबिन ७.४.

गोळ्या बंद केल्या होत्या तिने. बरं वाटतंय तर कशाला, म्हणून. "आयुष्यभर" हा शब्द आम्हाला सांगितला होता, पण तेव्हा तो डोक्यात शिरला नाही.

हुलग्याचं माडगं | ११ जून, सकाळी ९:००

दादा, वहिनींचा रिपोर्ट फोटो काढून नागपूरला पाठवा, आजच. २०२० पासून फोनवरून सल्ला द्यायला डॉक्टरांना रीतसर नियमावली आहे, दर वेळी जायलाच हवं असं नाही. लोह पोटातून शोषलं जात नसेल तर शिरेतून देतात, ते तुमच्या उपजिल्हा रुग्णालयात होतं का ते विचारा.

गोदाकाठ | १२ जून, रात्री १०:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस बसून एक पान केलं. तालुक्याचे डॉक्टर यांनी विपुतून (इथल्या विचारपुशीच्या पानावरून) दोनदा तपासून दिलं. ऑपरेशनआधी आपल्या सर्जनकडून हे भरून, सही-शिक्का करून घ्यावं, आणि डोस तेच लिहितील. मजकूर असा:

"या रुग्णाची दिनांक ____ रोजी ____ ही वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे. उलट्या दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त चालल्यास थायमिन द्यावे, ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत. डोळे, चाल, बोलणे बदलल्यास तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवावे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या जातीची औषधे आम्हाला विचारल्याशिवाय देऊ नयेत. पॅरासिटामॉल चालेल. शुगर आणि बीपीच्या आधीच्या गोळ्या: ____ बंद, ____ कमी. पोटात जोराची कळ, ताप, नाडी १२० च्या वर, काळी शी: वाट पाहू नये. लोह, कॅल्शियम, डी, बी१२ आयुष्यभर. रक्त तपासणी ३, ६, १२ महिन्यांनी, मग दरवर्षी. पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. रात्री-अपरात्री उचलला जाणारा आमचा फोन: ____"

शेवटची रिकामी जागा भरून घेतल्याशिवाय उठू नका. आम्हाला जो नंबर दिला होता तो दहा ते पाचच लागायचा.

ताईने हे पान लॅमिनेट करून रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवलंय. एक प्रत त्या गावच्या डॉक्टरांना स्वतः नेऊन दिली. त्यांनी ती टेबलाच्या काचेखाली ठेवली आणि तिला म्हणाले, "तुमच्यासारखी आणखी दोन माणसं आहेत गावात, त्यांनाही पाठवा."

सीमोल्लंघन | १३ जून, सकाळी ६:५०

प्रिंट काढली. माझ्या वहिनीचं ऑपरेशन याच महिन्याच्या २४ तारखेला आहे, मुंबईत. आम्ही परभणीचे. त्या दिवशी वाचून सुन्न झालो ते त्यामुळेच, लिहायचा धीर झाला नव्हता. काल सर्जनना पान दाखवलं. त्यांनी नीट वाचलं, दोन ओळी वाढवल्या आणि खाली स्वतःचा मोबाईल नंबर लिहिला. एक विचारायचं राहिलं: लोह आणि कॅल्शियमची गोळी एकत्र चालते का?

गोदाकाठ | १३ जून, सकाळी ७:०५

नाही, मध्ये दोन तास तरी हवेत. ताई लोह सकाळी अंघोळ झाल्यावर लिंबूपाण्यासोबत घेते, चहा त्यानंतर तासाभराने. कॅल्शियम दुपारी आणि रात्री. वहिनींना म्हणावं, मिश्री लावत असतील तर आजच सांगा.